मनावरचा अजबखाना आणि राजाबाईंची सवत

मुक्काम मनावर, वैशाख वद्य पंचमी, शके १८३०

तीर्थस्वरूप सौभाग्यवती ताईच्या पायांशी धाकट्या चिंतामणीचा देवासच्या दिशेला तोंड करून नमस्कार. (दिशा नक्की कोणती यावर इथे दुमत आहे. गणोजी चपराशी म्हणतो टेकडीच्या डावीकडे. चुकून तिसऱ्याच कोणाला नमस्कार पोचला असेल तर तो मोठ्यांपैकीच असावा एवढीच इच्छा.) मायना पुस्तकातला लिहून झाला, आता नेहमीसारखं तू म्हणतो. तुझी कंबर कशी आहे? एरंडाचं तेल लावतेस की नुसतं आणून ठेवलं आहेस? भाऊजींचा खोकला गेला का? त्यांची नोकरी थोरल्या पातीच्या राजाकडे आणि घर धाकट्या पातीच्या राजाच्या हद्दीत, तेव्हा औषध कुठल्या सरकारचं घ्यावं याचा त्यांनी अजून निकाल लावला नसेल. आमच्या मनावरला सरकार एकच आहे, पण ऊन दोन राज्यांचं पडतं. इथलं बाकी सर्व क्षेम. (यातला ‘सर्व’ हा शब्द रिवाजाचा आहे.)

तू विचारलं आहेस की पदार्थसंग्रहालय म्हणजे काय, शाळामास्तराचं तिथे काय काम, आणि दिवाळीला का आला नाहीस. तिन्हींचं उत्तर एकच आहे आणि त्याचं नाव गोपाळराव. हे आमचे कमाविसदार, परगण्याचा सगळा कारभार यांच्याकडे. माणूस सज्जन, पण साहेबलोक काहीही विचारोत, होकार द्यायची त्यांना सवय. मागल्या पावसाळ्यात इंदूरला कुठल्याशा चहापानात एका साहेबांनी त्यांना विचारलं, तुमच्या गावी म्युझियम आहे काय? गोपाळराव होय म्हणाले. साहेब म्हणाले, वा, मग थंडीत दौऱ्यावर येईन तेव्हा पाहीन. गोपाळराव परत येईपर्यंत, आपण कशाला होय म्हणालो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं, आणि समजावलं म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडलं. नदीकाठी जुना जकातनाका ओस पडला होता. पुढे एक मोठं दालन, मागे राहायला दोन खोल्या. सकाळी शाळा, दुपारी संग्रहालय असं ठरलं. इंदू गेल्यापासून मला घर असं नव्हतंच, तेव्हा मी बिऱ्हाडही तिथेच हलवलं. जेवणाचा डबा सगुणाबाईंकडून येतो. ही विधवा बाई सगळ्या गावाला रांधून घालते आणि सगळ्या गावाला बोलते. पदार्थसंग्रहालय म्हटल्यावर ती पहिल्या दिवशी लाडूंचं ताट घेऊन आली होती.

आता संग्रहालयात संग्रह हवा. आम्ही दवंडी पिटवली की ज्याच्या घरी जुनी, विलक्षण वा चमत्कारिक वस्तू असेल त्याने ती जकातनाक्यावर आणून द्यावी. मला वाटलं होतं जुनी नाणी येतील, ताम्रपट येतील, एखादी मूर्ती येईल. पण ताई, लोकांनी दवंडीतला एकच शब्द ऐकला. चमत्कारिक. आणि प्रत्येकाला आपल्या घरातली ती एक वस्तू आठवली, जिच्याकडे संध्याकाळनंतर कोणी पाहत नाही.

पहिला आला एक शंख. समुद्र आम्हाला इतका दूर, की निम्मं गाव शंख कानाला लावून दर्याची गाज ऐकायला लोटलं. मी खूष. मग एका म्हातारीनं तो कानाला लावला, जरा वेळ ऐकलं, “हो, हो, आलेच,” म्हणाली, आणि त्याच आठवड्यात गेली. नंतर शंखाला कोणी हात लावला नाही. मग एक आरसा आला. नव्या सुनेला त्यात स्वतःऐवजी दुसरंच कोणी दिसलं म्हणून तिला माहेरी धाडलं होतं. (मी रोज त्यात बघतो. मीच दिसतो. फक्त जरा वयस्क दिसतो.) एक पगडी आली, ती घालणारे तिघेही विहिरीत सापडले होते. किल्ली हरवलेलं एक कुलूप आलं, ते अवसेला आपोआप उघडतं म्हणे. माणसं वस्तू आणायची, उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि मागे न बघता चालू लागायची. तिठ्यावर उतारा ठेवून निघतात ना, अगदी तसं. मला कळायला महिना लागला की आपण संग्रहालय काढलेलं नाही, आपण परगण्याचा तिठा काढला आहे आणि त्यावर राहायला गेलो आहोत.

गावाला मात्र फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं न झोपलेली माणसं झोपू लागली. दिवेलागणीला दारं लावून घेणाऱ्या बायका ओट्यावर बसू लागल्या. गोपाळराव म्हणाले, पाहा मास्तर, विद्येचा प्रसार झाला की भय कसं पळतं. ते पळून कुठे आलं हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. गणोजी एकदा पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला, “मास्तरसाब, गाव सुखानं झोपतंय, ने अपन दोनो जागते हैं, भिया.” सगुणाबाई दारातूनच डबा सरकवायची. “तुझ्याकडे एक पदार्थ खाण्यासारखा नाही,” ती म्हणाली, “आणि आहेत ते पचायचे नाहीत.”

कार्तिकात मानसिंगरावांच्या हवेलीतून पाळणा आला. मानसिंगराव म्हणजे इथले जुने मराठा शिलेदार, मिशा मोठ्या आणि बोलणं थोडं. पाळणा लाखकामाचा, तांबडा-पिवळा, कड्या पितळेच्या, आणि एकदाही न वापरलेला. ते स्वतः गाडीबरोबर आले आणि “जुना आहे,” एवढंच बोलून गेले. पुढे कळलं की त्यांची पहिली बायको भवानीबाई, तिच्या माहेरून तो पहिलटकरणीसाठी आला होता. बाळंतपणात ती गेली आणि मूलही गेलं. पाळणा माळ्यावर चढला. मग दुसरं लग्न झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, दुसरी बायको आली. राजाबाई. पडद्यातली बाई, मोलकरणीला बरोबर घेऊन चालत आली, तेव्हा मी कुठे उभं राहावं तेच मला सुचेना. मी कपाटामागे उभा राहिलो. (कपाट काचेचं आहे हे माझ्या लक्षात नव्हतं.) तिनं गळ्यातून काळा दोरा काढला. त्यात चांदीची बोटभर पुतळी होती. आपल्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बायका घालतात तो सवतीचा टाक तुला ठाऊक आहेच. गेलेलीची प्रतिमा नवीनं गळ्यात वागवायची, नवं लुगडं आलं की आधी तिला दाखवायचं, गोडाचा घास आधी तिला लावायचा, म्हणजे ती रागावत नाही.

“ही इथं राहू दे,” राजाबाई म्हणाली. “सासूबाई म्हणतात, आता अशा दिवसांत अंगावर नको. सुईणही तेच म्हणते. हिची दृष्ट पडेल.” मला कळलं की तिला दिवस गेले आहेत. सगळे मागे न बघता जातात. ती मात्र दारापर्यंत तीनदा मागे वळून पाहत गेली.

मी पुतळी काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि जेवायला बसलो. जेवून येतो तो पुतळी पाळण्यात. कपाट एका भिंतीला, पाळणा दुसऱ्या भिंतीला, कुलूप जसंच्या तसं. मी गणोजीला रागावलो. तो रडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाळण्यात. मी लाखेची मोहोर लावली. मोहोर शाबूत, पुतळी पाळण्यात, उशाकडे डोकं करून, नीट आडवी. ताई, मी इंदूरला शिकलो आहे. कारणावाचून कार्य नसतं हे मी पोरांकडून घोकून घेतो. म्हणून मी खुर्ची टाकून समोर बसलो, दोन्ही डोळे कपाटावर. दुपार तापली. नदीवरच्या धोब्याचा आवाज थांबला. पाखरूही बोलेना. पापणी म्हणून हलवली नाही. आणि मला शिंक आली. तेवढंच. डोळे उघडले तर कपाट रिकामं आणि पाळणा हलतोय. जोरात नव्हे. कोणीतरी झोका देऊन नुकताच हात काढून घ्यावा, इतकाच. वारा नव्हता. कड्यांचा आवाजही नव्हता. मी भ्यालो नाही. (पायातली एक वहाण तिथेच राहिली आणि मी नदीपर्यंत गेलो, ते हवा खायला.)

पण रोज घडणाऱ्या गोष्टीला माणूस किती दिवस भिणार? महिन्याभरात मला तिची सवय झाली. सकाळी शाळेत जाताना मीच पुतळी कपाटात ठेवायचो, मोहोर वगैरे सोडून दिली, आणि दुपारी ती पाळण्यात दिसली की बरं वाटायचं. एक दिवस ती कपाटातच राहिली होती, तर मला करमेना. मी “काय झालं?” असं विचारलंसुद्धा. मग मान वळवली तेवढ्यात ती पाळण्यात गेली.

पौषात राजाबाई पुन्हा आली. पोट आता दिसत होतं. चेहरा मात्र वाळला होता. म्हणाली, सहज आले. मग पाळण्यात तिची नजर गेली आणि ती तिथेच खाली बसली.

“तुम्ही ठेवलीत?”

“नाही,” मी म्हटलं. “रोज ती स्वतःच...” मास्तराला क्रियापद सापडू नये अशी वेळ आली होती.

ती पाळण्याजवळ सरकली. मग हळूहळू बोलू लागली, माझ्याशी की तिच्याशी ते सांगता येणार नाही. म्हणाली, “गळ्यात होती तेव्हा मी हिला भीत होते. काढली तर घर इतकं मोकळं झालं की राहवत नाही. त्या घरात मला समजावणारं कोणी नाही, मास्तर. ते कशावर रागावतात, कशानं निवळतात, सासूबाईंच्या कुठल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, हे सगळं एका हिलाच ठाऊक. मी रात्रंदिवस या अक्काशी बोलायचे. आता कोणाशी बोलू?” मी म्हटलं, मग घेऊन जा. ती म्हणाली, “मालकांनी दिलेला पाळणा आणि सासूबाईंनी काढायला लावलेला टाक, मी कोण परत नेणार? आणि सुईण म्हणते तेच खरं असलं तर?” उठताना तिनं दालनभर नजर फिरवली आणि एकदम विचारलं, “तुमचीही बायको गेली म्हणतात. तिचं काय ठेवलंत इथं?”

मी म्हटलं, काही नाही.

“मग तुम्हाला भीती नाही, की ठेवण्यासारखं काही राहिलंच नाही?”

मी पगडीवरची धूळ झटकली. (विहिरीतली पगडी. मी ती हातात धरली होती हे नंतर लक्षात आलं.)

माघात साहेब आले. मडमेला घेऊन आले. गावानं कमानी उभारल्या, शाळेच्या पोरांनी इंग्रजी गाणं म्हटलं, ते कोणत्या भाषेतलं आहे असं साहेबांनी आदरानं विचारलं. संग्रहालय पाहून ते खरोखर थक्क झाले. प्रत्येक वस्तूची हकीकत मी सांगत होतो आणि दारात उभ्या गावकऱ्यांतला एकेक जण आपली वस्तू आली की मान फिरवत होता. पाळण्यापाशी साहेब थांबले. आत पुतळी. (दुपार झालीच होती.) त्यांना दोन्ही फार आवडलं. इंदूरच्या मोठ्या संग्रहात हे हवं, म्हणाले. गोपाळराव अर्थातच होय म्हणाले. मानसिंगराव मिशी चावत उभे होते. साहेबांच्या शिपायानं पाळण्याला हात घातला, तेवढ्यात दारातली गर्दी दुभंगली आणि राजाबाई आत आली. डोक्यावर पदर होता, पण पडदा नव्हता. इतक्या पुरुषांत.

“ती माझी आहे,” ती म्हणाली. “ती कुठं जाणार नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण भाषांतर माझ्याकडे. आता ताई, सवत या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही, त्या लोकांत ती सोय नसल्यामुळे. मी साहेबांना सांगितलं, या बाई म्हणतात की ही चांदीची बाई त्यांच्या नवऱ्याची बायको आहे. साहेब म्हणाले, मला वाटलं होतं याच त्यांची बायको आहेत. मी म्हटलं, याही आहेत. साहेबांनी मानसिंगरावांकडे जरा नव्या नजरेनं पाहिलं. मी म्हटलं, पहिली वारली. साहेब म्हणाले, मग हरकत कोणाची आहे, हिची की तिची? मी म्हटलं, दोघींची, असं दिसतं. गोपाळराव मला मागून चिमटे काढत होते.

त्या गोंधळात कोणाचं लक्ष नसताना पाळणा हलू लागला. शिपायानं हात मागे घेतला. मग मडम पुढे झाली. तिला माझं भाषांतर कळलं असेल असं मला वाटत नाही, पण तिनं पाळण्याच्या काठावर हात ठेवला, थांबवायला नव्हे, त्याच्या झोक्याबरोबर थोडा वेळ तो जाऊ-येऊ दिला, आणि साहेबांना अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. मला फक्त महू हा शब्द ऐकू आला. महूच्या छावणीत त्यांचं एक मूल पुरलेलं आहे, हे नंतर खानसाम्यानं गणोजीला सांगितलं. मडमेनं पुतळी उचलली आणि राजाबाईच्या तळहातावर ठेवली. साहेब खिडकीकडे पाहत होते.

राजाबाईनं दोरा गळ्यात घातला. सासूचा दरारा, सुईणीचा इशारा, सगळं त्या एका क्षणी तिनं बाजूला ठेवलं हे मला दिसलं. मानसिंगराव शेवटी पुढे आले. मला वाटलं आता रागावतात. ते म्हणाले, “पाळणाही घेऊन चल. तिला लागेल.” कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि साहेबांना भाषांतरही केलं नाही.

मुलगी झाली, चैत्र सरता सरता. अडली होती, एक दिवस आशा सोडली होती, पण दोघी सुखरूप आहेत. मागल्या आठवड्यात बारसं झालं, मलाही आमंत्रण होतं. मी पुरुषांत बाहेर बसलो होतो, तेव्हा पुढचं सगुणाबाईच्या तोंडचं आहे. ती विधवा, म्हणून माजघराच्या दाराशीच उभी होती, पण तिथून सगळं दिसतं असं ती म्हणते. पाळण्याच्या वरून कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत मूल द्यायचं तेव्हा पलीकडे दुसरी सवाष्ण घ्यायला लागते, ती ते पाळण्याखालून परत देते. राजाबाईनं पलीकडे कोणाला उभं राहू दिलं नाही. एकटीनंच मूल वरून पुढे धरलं. सगुणाबाई म्हणते, “मी पाहिलं. तिनं हात रिकामे मागे घेतले. आणि मूल खालून परत आलं.” आता सगुणाबाईला एका डोळ्यानं कमी दिसतं आणि मला तिच्या दुसऱ्या डोळ्याचीही खात्री नाही. पण त्या दिवसापासून ती डबा दारातून सरकवत नाही. आत येऊन बसते.

संग्रहालयाचं म्हणशील तर ते बंद पडेल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. लोक आपली वस्तू बघायला येऊ लागले. घरात ठेववत नाही आणि टाकवत नाही अशी गोष्ट प्रत्येकाकडे असतेच, तिला भेटायला दुपारची एक जागा झाली. पगडीसमोर एक तरुण येऊन बसतो, तो तिसऱ्याचा मुलगा. आरशातल्या सुनेला तिच्या नवऱ्यानं परत आणलं, दोघांनी मिळून आरशात पाहिलं, आणि काय दिसलं ते सांगितलं नाही, पण हसत गेली. आता लांबलांबून बैलगाड्या येतात, परवा तर पार खातेगावाहून एक पेटी आली, ती अजून उघडलेली नाही. गोपाळराव शेजारचं गोदाम जोडून देताहेत. सगळा परगणा म्हणतो, मनावरचा अजबखाना बघण्यासारखा आहे. मला तिथे मुळीच भीती वाटत नाही, तेव्हा तू काळजी करू नये. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि कंबरेला खरंच तेल लाव.

तुझा धाकटा,
चिंतामणी

ता. क. येणाऱ्या माणसाबरोबर मेतकूट पाठव. सगुणाबाई चांगलं रांधते, पण मेतकूट म्हणजे काय ते तिला पटत नाही.

दुसरा ता. क. मेतकुटाची घाई नाही. इतकं लांबलचक पत्र लिहूनही तुझ्या मागच्या तीन पत्रांतल्या एका गोष्टीचं उत्तर दिलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. पीपलरावां गावच्या पोतनिसांच्या मुलीच्या स्थळाबद्दल. त्याच गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो होतो. माझा होकार आहे. पण एक गोष्ट तिला सांगायची आहे. तिच्या बापाला नव्हे, तिला, आणि तू स्वतः जाऊन. मी दुपारी संग्रहालयात जेवतो तेव्हा मोठ्यानं बोलतो. इंदूशी. माघापासून सुरुवात केली, त्याआधी तिच्याशी बोलायचं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. उत्तर येतं असं मी म्हणत नाही. (रोज येतं असं म्हणत नाही.) हे ऐकून मुलगी भ्याली तर मुळीच आग्रह करू नकोस, दुसरं चांगलं घर मिळू दे तिला. गप्प राहिली तर मला तसं कळव, मी समजेन. पण तिनं जर विचारलं, की त्या काय म्हणतात, तर ताई, भाऊजींनाही विचारत बसू नकोस, जवळचा मुहूर्त धर.